कागद कोणाच्या दप्तरात? : हिंगोली जिल्ह्यातून सरकारी अभिलेख मागताना

सरकारी दप्तरातला कागद मिळवण्यासाठी नागरिकाला दोन वाटा आहेत. जुनी वाट नकलेच्या अर्जाची. ठरलेली फी भरून सातबारा, फेरफार, गट नकाशा, खरेदीखत किंवा निकालपत्र यांची सहीशिक्क्याची प्रत घ्यायची. दुसरी वाट २००५ च्या माहिती अधिकार कायद्याची. नकलेच्या अर्जावर ठरावीक कागदच मिळतात. पण ते तुलनेने लवकर मिळतात आणि त्यासाठी वेगळा कायदा सांगावा लागत नाही. माहिती अधिकारात रस्त्याच्या देयकापासून संचिकेतल्या टिप्पणीपर्यंत बरेच काही पाहता येते. मात्र तिथे मुदती, शुल्क, अपवाद आणि अपिले यांचे शास्त्र सांभाळावे लागते. दोन्ही वाटांवर अर्ज अडतो तो बहुतेक वेळा एकाच ठिकाणी. नेमका कोणता कागद हवा आहे आणि तो आज कोणाच्या ताब्यात आहे, हे अर्जात स्पष्ट नसते. हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण इथल्या कागदांनी राजवटी बदलल्या आहेत आणि जिल्हाही बदलला आहे.

तीन ठिकाणचे दप्तर

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, सेनगाव आणि औंढा नागनाथ हे त्याचे पाच तालुके. त्या तारखेपूर्वीचे जिल्हा पातळीवरचे निर्णय, मग ते जिल्हाधिकाऱ्यांचे असोत की जिल्हा परिषदेचे, परभणीत झाले. त्याच्याही मागे गेले तर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तिथे निजामाची सत्ता होती. त्या काळातले सर्वोच्च पातळीवरचे दप्तर हैदराबादला. त्यातले बरेचसे आज तारनाका येथील तेलंगण राज्य अभिलेखागारात आहे. म्हणून कागदाचे साल हे पहिले टिपण. १९९९ नंतरचा जिल्हास्तरीय कागद हिंगोलीत शोधावा. त्याआधीचा असेल तर हिंगोलीबरोबर परभणीतही चौकशी करावी. इनाम, जहागीर किंवा संस्थानी फर्मानाचा विषय असेल तर हैदराबादचीही तयारी ठेवावी. गावपातळीचे आणि तालुक्याचे जुने कागद मात्र मुख्यतः तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात.

जुना कागद हाती आला तरी तो वाचता यावा लागतो. हैदराबाद संस्थानात १८८४ पासून कारभाराची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. त्यामुळे संस्थानी महसुली कागद उर्दूत आहेत, काही नोंदी मोडीत आहेत. त्यांवरचे साल बहुधा फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे, असते. त्यात ५९० मिळवले की साधारण इसवी सन निघतो. फसली १३१७ म्हणजे १९०७-०८. अर्जात दोन्ही साले लिहिली तर शोधणाऱ्याचे काम सोपे होते. प्रत मिळाल्यावर उर्दू किंवा मोडीच्या जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे लागते; माहिती अधिकारात भाषांतर करून देण्याची जबाबदारी कार्यालयावर नाही. कागद ज्या स्वरूपात आहे त्याच स्वरूपात त्याची प्रत मिळते.

जमिनीच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. जुने कागद सर्व्हे नंबरवर आहेत आणि जमिनींच्या एकत्रीकरणानंतरचे गट नंबरवर. दोहोंचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातल्या एकत्रीकरणाच्या कागदांवरून आधी लावून घेतला नाही, तर तहसीलमध्ये ‘या गट नंबरची जुनी नोंद आढळत नाही’ असे खरे, पण निरुपयोगी उत्तर मिळते.

कोणती नोंद कोणत्या खात्यात

मराठवाड्यात जुने अभिलेख किती खात्यांत विखुरलेले आहेत, हे २०२३ नंतर सर्वसामान्यांना प्रथमच समजले. ७ सप्टेंबर २०२३ रोजी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकालीन व त्यानंतरची दप्तरे तपासायला सुरुवात झाली. मराठा आरक्षणाचा वाद बाजूला ठेवला तरी, कोणत्या खात्यात कोणते जुने कागद तपासायचे याची जी यादी त्या कामात तयार झाली, ती कोणत्याही जुन्या कागदाच्या शोधाला उपयोगी पडते.

महसूल खात्यात १९५४-५५ चे खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळांची नोंदवही, हक्क नोंदपत्रक, १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ सापडतो. भूमी अभिलेखात पक्काबुक, शेतवार पत्रक, क्लासर रजिस्टर, टिपण आणि नकाशे असतात. शाळेत प्रवेश-निर्गम रजिस्टर. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत, गहाणखत आणि डे-बुक. पोलीस ठाण्यात गुन्हे रजिस्टर आणि जुने पंचनामे. कारागृहात कैद्यांच्या नोंदवह्या. वक्फ आणि देवस्थानांच्या जमिनींसाठी मुंतखब. पणजोबांची नोंद सातबाऱ्यावर नसली तरी शाळेच्या रजिस्टरात किंवा गाव नमुना १४ मध्ये ती असू शकते. कूळवहिवाटीच्या प्रकरणात हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा, १९५० खालची संरक्षित कुळांची नोंद पाहावी लागते. इनामाच्या प्रकरणात १९५४ च्या इनाम निर्मूलन कायद्याखालचे आदेश.

आधी नकलेचा अर्ज

जो कागद कार्यालय रोजच्या कामात फी घेऊन देते, त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करणे म्हणजे लांबचा वळसा. चालू सातबारा आणि आठ-अ डिजिटल सहीने महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतात. जुने स्कॅन झालेले सातबारे आणि फेरफार शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या सुविधेत तालुका आणि गाव निवडून शोधता येतात. तिथे न मिळालेला कागद तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेच्या अर्जाने मागावा. गाव, जुना सर्व्हे नंबर, गट नंबर, फेरफार क्रमांक, साल, खातेदाराचे नाव एवढा तपशील दिला तर अभिलेखपालाला नेमका बस्ता काढता येतो. मोजणी नकाशा, टिपण, आकारबंद यांसाठी तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात जावे. न्यायालयातल्या दाव्याचे कागद न्यायालयाच्याच नक्कल विभागातून घ्यावेत. न्यायालयाच्या नियमांत सोय असताना माहिती अधिकाराचा आग्रह धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितले आहे.

जी सेवा लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली अधिसूचित आहे, ती ठरलेल्या दिवसांत मिळाली नाही तर त्याच कायद्याखाली अपील करता येते. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. दाखले आणि उतारे यांच्या दिरंगाईसाठी हा कायदा माहिती अधिकारापेक्षा जवळचा आहे.

माहिती अधिकाराची पार्श्वभूमी

दप्तर नागरिकाला खुले असावे ही कल्पना जगात जुनी आहे. स्वीडनने १७६६ मध्येच तसा कायदा केला. अमेरिकेत तो १९६६ मध्ये आला. भारतात १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याची सवय दीर्घकाळ टिकली. १९९० च्या दशकात राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्यांत रोजगाराचे हजेरीपट आणि देयके गावासमोर वाचली, तेव्हा हिशेब आणि काम यांतले अंतर उघडे पडले. गोवा आणि तामिळनाडूने १९९७ मध्ये राज्य कायदे केले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा राज्य कायदा आला आणि २००३ मध्ये त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला आणि राज्याचा कायदा मागे पडला. आज हिंगोलीतल्या ग्रामपंचायतीपासून मंत्रालयापर्यंत हाच केंद्रीय कायदा चालतो. शुल्क आणि नमुने मात्र राज्याच्या नियमांचे आहेत.

अर्ज कसा लिहावा

महाराष्ट्राच्या नियमांत अर्जासाठी जोडपत्र ‘अ’ हा नमुना आहे. त्यात अर्जदाराचे नाव, पत्ता, माहितीचा विषय, कालावधी, हव्या असलेल्या माहितीचे वर्णन, ती टपालाने हवी की व्यक्तिशः, आणि अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे काय, एवढेच विचारलेले असते. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही. कायद्यानेच तसे विचारण्यास मनाई आहे. अर्ज नागरिकाने करायचा असतो, म्हणून संस्थेच्या लेटरहेडवर लिहिला तरी व्यक्तीचे नाव आणि सही असावी. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लिहून घेण्यास मदत करणे हे जन माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

शुल्क १० रुपये. ते रोखीने, डिमांड ड्राफ्टने किंवा कोर्ट फी स्टॅम्पने भरता येते. राज्य शासनाच्या कार्यालयासाठी स्टॅम्प हाच सोयीचा मार्ग. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर जोडलेल्या कार्यालयांसाठी शुल्क तिथेच भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखला जोडला की शुल्क लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनुसार अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत असावा. एका अर्जात रस्ता, पाणीपुरवठा आणि शाळेची खोली यांची माहिती मागितली तर तीन अर्ज करायला सांगितले जाते आणि महिना वाया जातो.

अर्जाचा जीव वर्णनात असतो. ‘गावातल्या रस्त्याच्या भ्रष्टाचाराची माहिती द्यावी’ या वाक्याला कार्यालयात कोणतीही संचिका नसते. तोच अर्ज ‘सन २०२२-२३ मध्ये झालेल्या अमुक ठिकाणच्या सिमेंट रस्त्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अंतिम देयक आणि पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती’ असा लिहिला, तर प्रत्येक शब्दाला कपाटात एक कागद सापडतो. ‘का’ विचारणारे प्रश्नही टाळावेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात स्पष्ट केले की एखादी गोष्ट का केली याचे समर्थन देणे ही या कायद्यातली ‘माहिती’ नव्हे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितले की कार्यालयाने उपलब्ध कागद द्यायचा आहे, नवी माहिती तयार करून द्यायची नाही. कारण हवे असेल तर निर्णयाची टिप्पणी मागावी. कारण असलेच तर तिथे लिहिलेले असते.

सोयाबीनच्या नुकसानभरपाईचे उदाहरण घ्यावे. विमा कंपनी खाजगी असली तरी पंचनामे, पीक कापणी प्रयोगाचे आकडे आणि शासनाने कंपनीशी केलेला पत्रव्यवहार कृषी व महसूल खात्याकडे असतो. अर्ज तिकडे करावा आणि महसूल मंडळाचे नाव, हंगाम, वर्ष लिहावे. अतिवृष्टीच्या अनुदानाची गावनिहाय यादी तहसीलकडे मागावी.

कोणाकडे द्यावा

प्रत्येक कार्यालयात जन माहिती अधिकारी आणि प्रथम अपिलीय अधिकारी यांच्या नावाचा फलक असणे अपेक्षित आहे. ग्रामपंचायतीत ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, माहिती अधिकारी असतो. तहसील कार्यालयात हे काम सहसा नायब तहसीलदाराकडे आणि अपील तहसीलदाराकडे असते. नेमका माहिती अधिकारी कोण हे कळले नाही तर ‘जन माहिती अधिकारी, अमुक कार्यालय’ एवढे लिहिले तरी अर्ज वैध ठरतो. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर माहिती अधिकाऱ्याने तो पाच दिवसांत तिकडे वर्ग करून अर्जदाराला कळवायचे असते. हिंगोलीतून परभणीकडे पाठवावा लागणारा जुना विषय या तरतुदीत येतो.

केंद्राच्या कार्यालयांचे नियम वेगळे आहेत. औंढा नागनाथ तालुक्यातील दुधाळा येथे उभा राहणारा लायगो-इंडिया हा गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेचा प्रकल्प याचे उत्तम उदाहरण. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रकल्पाच्या निविदा आणि खर्च यांचे कागद अणुऊर्जा विभागाकडे, म्हणजे केंद्राकडे; तर जमिनीच्या संपादनाचे आणि मोबदल्याचे कागद जिल्हाधिकारी कार्यालयाकडे, म्हणजे राज्याकडे. केंद्राकडच्या अर्जाला भारतीय पोस्टल ऑर्डर चालते, शब्दमर्यादा ५०० आहे आणि अपिलाला शुल्क नाही. राज्याकडे पहिल्या आणि दुसऱ्या अपिलाला प्रत्येकी २० रुपयांचा स्टॅम्प लागतो. अकोला-नांदेड राष्ट्रीय महामार्ग आणि पूर्णा-अकोला रेल्वे यांच्या कामांनाही हाच भेद लागू होतो.

प्रत घेण्याआधी अवलोकन

नेमका कागद ठाऊक नसेल, तेव्हा प्रती मागण्याऐवजी संचिकेचे अवलोकन मागावे. पहिला तास मोफत, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. पाहताना टिपणे घेता येतात, हवी ती पाने खुणावून प्रती मागता येतात. साध्या पानाची प्रत २ रुपयांना मिळते. एका जाड संचिकेच्या ४०० पानांपैकी कामाची १५ पाने निवडली, तर ८०० रुपयांऐवजी ३० रुपये लागतात. २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत असा निर्णय केला; तो दाखवून विचारणा करावी.

अर्जाशिवायही काही माहिती खुली असणे बंधनकारक आहे. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक प्राधिकरणाने १७ बाबी स्वतःहून जाहीर करायच्या असतात: अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णयाची पद्धत, अभिलेखांची यादी, वेतन, अंदाजपत्रक, अनुदानाचे लाभार्थी. अर्ज करण्याआधी त्यातली ‘अभिलेखांची यादी’ मागून पाहिली, तर कार्यालयात कोणत्या नावाची नोंदवही आहे हे कळते आणि अर्जात तेच नाव वापरता येते.

तीस दिवसांचा हिशेब

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत माहिती द्यावी किंवा नकाराची कारणे कळवावीत, असा नियम आहे. जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास. सहायक माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज दिल्यास पाच दिवस वाढतात. त्रयस्थ व्यक्तीचे म्हणणे घ्यावे लागले तर मुदत ४० दिवसांची होते. प्रतींच्या शुल्काचे पत्र कार्यालयाने पाठवल्यापासून शुल्क भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत. मुदत उलटल्यावर माहिती मोफत द्यावी लागते.

या हिशेबासाठी अर्जाची पोच हाच आधार. टपाल शाखेत आवक क्रमांक आणि तारखेसह शिक्का घ्यावा, किंवा स्पीड पोस्टची पावती आणि पोचल्याची नोंद छापून ठेवावी. पोच नसेल तर मुदत उलटल्याचे सिद्ध करता येत नाही.

नकार कोणत्या कारणांनी

आठव्या कलमात नाकारता येण्याजोग्या बाबी दिल्या आहेत: देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार, व्यापारी गुपिते, तपासात अडथळा, मंत्रिमंडळाचे कागद, खाजगी माहिती इत्यादी. नुसते कलम लिहून नकार पुरत नाही. ते इथे कसे लागू होते हे अधिकाऱ्याने सांगावे लागते. संचिकेतला काही भागच गोपनीय असेल तर तो झाकून उरलेला भाग द्यावा लागतो. २० वर्षांपूर्वीच्या घटनांच्या माहितीला बहुतेक अपवाद लागू होत नाहीत, ही तरतूद जुन्या दप्तराच्या शोधात फार मोलाची आहे.

खाजगी माहितीचा अपवाद मात्र आता मोठा झाला आहे. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकातील बरीच माहिती खाजगी ठरवली होती. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने या कलमातला सार्वजनिक हिताचा मजकूर काढून टाकला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती दुरुस्ती अमलात आली. लाभार्थ्यांची यादी, हजेरीपट, कंत्राटदाराचे नाव अशी माहितीही ‘वैयक्तिक’ म्हणून नाकारली जाण्याचा धोका वाढला आहे. त्याच कलमाचे दुसरे पोटकलम अजून शाबूत आहे: हानीपेक्षा सार्वजनिक हित मोठे असेल तर माहिती देता येते. म्हणून अशा अर्जात आणि अपिलात ते हित कोणते हे एका वाक्यात लिहिणे आता उपयोगाचे आहे, जरी कारण देणे सक्तीचे नसले.

‘आढळून येत नाही’

जुन्या कागदांच्या बाबतीत सर्वाधिक मिळणारे उत्तर हे आहे. ते दोन अर्थांनी येते. शासकीय अभिलेखांचे अ, ब, क, क-१ आणि ड असे वर्ग असतात. अ वर्ग कायम, ब ३० वर्षे, क १० वर्षे, क-१ पाच वर्षे आणि ड एक वर्ष ठेवायचा. मुदत संपून कागद नष्ट केला असेल तर त्याची नोंद नाश नोंदवहीत असायला हवी. तिची प्रत मागावी. नाश नोंदवहीत नाही आणि कपाटातही नाही, तर कागद गहाळ आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख कायदा, २००५ नुसार अभिलेख बेकायदा नष्ट करणे किंवा हलवणे हा गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. विवेक कुलकर्णी यांच्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये गहाळ संचिकांबाबत गुन्हा नोंदवण्याची भूमिका घेतली. अपिलात ‘शोध घेऊन प्रमाणपत्र द्यावे, न मिळाल्यास जबाबदारी निश्चित करावी’ अशी मागणी लिहिली की बरेचदा कागद सापडतो.

अपील

उत्तर न आल्यास, अपुरे आल्यास किंवा शुल्क अवाजवी वाटल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. त्याचा नमुना जोडपत्र ‘ब’. अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे असते आणि त्याने ३० दिवसांत, कारणे लिहून जास्तीत जास्त ४५ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तिथेही समाधान झाले नाही तर ९० दिवसांत जोडपत्र ‘क’ भरून राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील जाते. हिंगोलीसाठी ते छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाकडे. अर्ज, पोच, उत्तर, पहिले अपील आणि त्यावरचा आदेश असा सगळा संच क्रमाने जोडावा.

माहिती अधिकाऱ्याला दंड करण्याचा अधिकार फक्त आयोगाला आहे: दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये. दंड सरकारजमा होतो. अर्जदाराचे नुकसान झाले असेल तर भरपाईची मागणी वेगळी करावी लागते. अठराव्या कलमाखालच्या तक्रारीत आयोग दंड करू शकतो, पण माहिती देण्याचा आदेश देऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या मणिपूर प्रकरणात म्हटले आहे. ज्याला कागदच हवा आहे, त्याने तक्रारीऐवजी अपिलाचाच रस्ता धरावा.

दुसऱ्या अपिलाला प्रत्यक्षात मोठा काळ लागतो. म्हणूनच जोर पहिल्या अर्जावर असावा. तहसील, भूमी अभिलेख, शाळा, दुय्यम निबंधक यांपैकी कागद कुठे आहे हे आधी शोधून, साल आणि नंबर घालून, एका विषयाचा अर्ज केला तर पुष्कळ कागद पहिल्याच टप्प्यात मिळतात. जो अर्ज तसा नसतो, तो पुढे अपिलातही तसाच दुबळा राहतो. कारण अपिलात नवी माहिती मागता येत नाही, मूळ अर्जात जे लिहिले आहे त्याचाच निवाडा होतो.